फोन वाजला की नेट जातं: कोथरूडच्या एका घरातलं प्रकरण

कोथरूडमधली जुनी सोसायटी, दुसरा मजला. मधोमध हॉल, त्याच्या एका अंगाला काका-काकूंची खोली, दुसऱ्या अंगाला मुलगा-सुनेची, मागे स्वयंपाकघर. थोरला मुलगा अमेरिकेत, धाकटा इथेच. सून हिंजवडीतल्या एका कंपनीत, पण बरंचसं काम घरूनच. तिने मला बोलावलं तेव्हा तक्रार अगदी मोजक्या शब्दांत सांगितली: "दादा, लँडलाइन वाजला की मीटिंगमध्ये माझा आवाज तुटतो. मला सगळे बऱ्यापैकी ऐकू येतात, मी कुणाला ऐकू जात नाही."

घरोघरी नेटची कामं करताना इतकी नेमकी तक्रार क्वचित कानावर येते. 'नेट स्लो आहे' यापलीकडे बहुतेक ठिकाणी काही हाती लागत नाही. इथे केव्हा बिघडतं हे कळलं होतं आणि कुठल्या दिशेला बिघडतं हेही. पहिल्या गोष्टीवर घरात भरपूर चर्चा झाली होती. दुसरी मात्र कुणी मनावर घेतली नव्हती, आणि मला तीच जास्त बोलकी वाटली.

मी जाण्याआधी फायबर कंपनीचा माणूस येऊन गेला होता. त्याने फायबरच्या डब्याशेजारी (राउटर त्यातच) उभं राहून मोबाइलवर स्पीड टेस्ट केली. १०० एमबीपीएसचा प्लॅन, आकडा तेवढा आला, 'लाइन ओके'. वाय-फायचं चॅनल ६ वरून ११ वर आणि पुढच्या खेपेला १ वर नेलं. कशानेच फरक पडला नाही तेव्हा 'राउटर बदलून बघा' असं सांगून तो गेला. धाकट्याने मेश वाय-फायचा, म्हणजे एकमेकांना जोडून घरभर सिग्नल पसरवणाऱ्या तीन डब्यांचा संच ऑनलाइन बघून ठेवला होता आणि फक्त पैसे भरायचे बाकी होते. मी म्हटलं, ते आज राहू द्या.

घरातले तर्क

काकांचा तर्क अनुभवाचा होता. तांब्याच्या तारेवर ब्रॉडबँड (एडीएसएल) होतं तेव्हा फोन आणि नेट एकाच जोडीतून यायचं. बोलणं ४ किलोहर्ट्झच्या खाली, एडीएसएलचा डेटा साधारण २५ किलोहर्ट्झच्या वर, आणि दोघांना वेगळं करणारा छोटा स्प्लिटर सॉकेटपाशी लावलेला. तो खराब झाला किंवा एखादा फोन त्याला वळसा घालून जोडला गेला की रिसीव्हर उचलताच नेट जायचं. काकांच्या घरी तेव्हा हे झालंही होतं. "स्प्लिटर बदला, मी केव्हाचा सांगतोय," ते म्हणाले. लक्षण हुबेहूब तेच होतं, पण घरात आता तांब्याची तार वापरात नव्हती. फायबर आलं, जुना नंबर त्यावर गेला, आणि फोन आता फायबरच्या डब्यालाच जोडलेला होता. फोन कॉर्डलेस: वायर बेसला, हँडसेट बिनवायरीचा.

धाकट्याला वाटत होतं की फोन चालू झाला की तो नेटचा वेग खातो, कारण आता फोनही नेटवरूनच चालतो. शेवटचं खरं आहे. पण फोनच्या बोलण्याला लागतात ६४ केबीपीएस, डेटाच्या प्रत्येक तुकड्याचं, म्हणजे पॅकेटचं वेष्टन धरलं तरी शंभराच्या आत. १०० एमबीपीएसपुढे हा हजारावा हिस्सा. त्यावरून कुणाचा आवाज तुटणार नाही.

काकूंचा संशय मायक्रोवेव्हवर होता. बाकीचे हसले, पण माझ्या मते तिघांत सगळ्यात जवळचा अंदाज त्यांचाच होता. मायक्रोवेव्ह २४५० मेगाहर्ट्झच्या आसपास चालतो, म्हणजे वाय-फायच्या जुन्या, २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याच्या ऐन मध्यात. दारातून थोडी गळती होतेच, आणि आरोग्याच्या दृष्टीने ती नगण्य असली तरी वाय-फायला जाणवते. पेलाभर पाणी ठेवून तो चालू केला, तर स्वयंपाकघरात उभं राहिल्यावर नेट जरासं अडखळलं, सुनेच्या खोलीत काहीच झालं नाही. आणि तक्रारीतली वेळ मायक्रोवेव्हची नव्हती, फोनची होती.

तार की हवा

अशा प्रकरणात काहीही विकत घेण्याआधी एकच गोष्ट ठरवायची असते: बिघाड घराबाहेरच्या लाइनीत आहे की घरातल्या हवेत. स्पीड टेस्टने ते कळत नाही, कारण ती दोन्ही टप्पे एकत्र मोजते. लॅपटॉपवरून सरळ राउटरलाच पिंग करायचं, म्हणजे छोटं पॅकेट पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते बघायचं. राउटरचा पत्ता डब्याखालच्या स्टिकरवर असतो, पुष्कळदा १९२.१६८.१.१. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून पिंग, मग हा पत्ता, आणि शेवटी डॅश-टी दिलं की थांबवेपर्यंत ते चालू राहतं. या पिंगचा बाहेरच्या इंटरनेटशी काडीचा संबंध नाही. ते लॅपटॉपपासून डब्यापर्यंत जातं आणि परत येतं.

सुनेच्या खोलीतून वाय-फायवर पिंग लावलं. फोन बंद असताना आकडे दोन-तीन मिलिसेकंदांत. मग मी मोबाइलवरून त्यांचा लँडलाइन लावला. काकूंनी उचलायच्या आधीच, नुसती रिंग वाजू लागली तशी पिंगची वेळ शंभराच्या वर गेली, आणि बोलणं सुरू झाल्यावर मधूनमधून 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' दिसू लागलं, म्हणजे उत्तरच आलं नाही. वाय-फायच्या कांड्या मात्र सगळ्या भरलेल्या. कांड्या राउटरची ताकद दाखवतात, बाजूला गोंगाट किती आहे ते दाखवत नाहीत, म्हणून अशा घरात त्या बघून लोक फसतात.

लॅपटॉप हॉलमध्ये आणून लॅन केबलने डब्याला जोडला, वाय-फाय बंद केलं, पुन्हा फोन लावला. काही झालं नाही. एकही पिंग हुकलं नाही. लाइन, डबा आणि कंपनी तिघेही निर्दोष. काकांचा स्प्लिटर आणि धाकट्याचा वेग खाणारा फोन, दोन्ही तर्क इथेच निकालात निघाले.

तरी एक शंका राहते. डब्यातला फोनचा भाग चालू झाला की त्याच डब्यातला वाय-फायचा भाग अडखळत असेल तर? त्यासाठी काकांनी माळ्यावरून जुना, वायरवाला, बटणांचा फोन काढला. तो डब्याच्या त्याच पोर्टला लावला, कॉर्डलेसचा बेस भिंतीतून काढला आणि लॅपटॉप परत वाय-फायवर घेतला. फोन वाजला, काकू बोलल्या, पिंग दोन-तीन मिलिसेकंदांवरून हललं नाही. कॉल तोच, पोर्ट तोच, फरक फक्त कॉर्डलेसच्या रेडिओचा. माझ्या दृष्टीने सगळ्या तपासणीतला हाच टप्पा सर्वांत किमती आहे आणि त्याला खर्च शून्य. ज्यांच्या घरी जुना वायरवाला फोन आहे त्यांनी तो भंगारात देऊ नये.

फोन जुना, मग त्रास आत्ताच का?

हा प्रश्न काकूंनी विचारला आणि बरोबर विचारला. फोन थोरल्याने पूर्वी अमेरिकेहून आणलेला. तिथला १२० व्होल्टचा अडॅप्टर इथे चालेना म्हणून काकांनी तपकीर गल्लीतून ९ व्होल्टचा आणून बसवला होता. हँडसेटच्या बॅटऱ्याही तिथूनच बदलून आणायचे. वाय-फायही घरात कित्येक वर्षांपासून होतं. दोघं इतकी वर्षं गुण्यागोविंदाने नांदली.

उत्तर हॉलमधल्या टीव्हीच्या कपाटात होतं. तांब्याच्या काळात फोनचं सॉकेट काका-काकूंच्या खोलीत, पलंगाशेजारी होतं आणि मोडेम धाकट्याच्या खोलीत. फायबर बसवणाऱ्याने खिडकीच्या कोपऱ्यातून तार आत घेतली, डबा टीव्हीच्या कपाटात ठेवला, आणि फोन डब्याच्या पोर्टलाच लावायचा असल्यामुळे कॉर्डलेसचा बेसही तिथेच, वीतभर अंतरावर मांडून दिला. सगळं एका जागी, वायरी झाकलेल्या, दिसायला झकास. फायबर घेतलेल्या पुष्कळ घरांत अशीच मांडणी असते, आणि ती कुणाला चूक वाटायचं कारणही नाही.

बेस उलटा करून स्टिकर वाचला: २.४ गिगाहर्ट्झ, एफएचएसएस, म्हणजे एका जागी न थांबता पट्टाभर उड्या मारणारा रेडिओ. अमेरिकेतल्या उपकरणावर एफसीसी (तिथली दूरसंचार नियामक संस्था) आयडीही छापलेला असतो. तो एफसीसीच्या संकेतस्थळावर टाकला की यंत्र नेमकं कुठल्या पट्ट्यात चालतं ते सापडतं. ज्यांचं स्टिकर पुसट झालंय त्यांना हा उपाय आहे, निदान आयडीचे अंक वाचता येत असतील तर.

२.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ एवढाच आहे. भारतात तो जानेवारी २००५ मध्ये कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त झाला. परवाना नाही, तसं संरक्षणही नाही. शेजाऱ्याचं यंत्र तुमच्या यंत्राच्या आड आलं तर दाद मागता येत नाही. एवढ्या जागेत वाय-फायची २० मेगाहर्ट्झ रुंदीची तीनच चॅनलं एकमेकांना न चिकटता बसतात: १, ६ आणि ११. आणि कॉर्डलेस? साधा जुना अ‍ॅनालॉग फोन असेल तर तो एका अरुंद जागी बसून राहतो, तेव्हा वाय-फाय दुसऱ्या चॅनलवर नेलं की काम होतं. एफएचएसएसचा फोन मात्र सेकंदात अनेक उड्या मारत अख्खा पट्टा फिरतो. कंपनीच्या माणसाने ६ वरून ११ आणि ११ वरून १ केलं, ते म्हणूनच फुकट गेलं. त्याच्या मोबाइलमधल्या अ‍ॅनालायझरमध्ये शेजारपाजारची वाय-फाय दिसत होती, कॉर्डलेस दिसत नव्हता. अशा अ‍ॅपना फक्त वाय-फायची भाषा कळते. कॉर्डलेस त्यांच्यासाठी अस्तित्वातच नसतो.

दोघांच्या स्वभावातही फरक आहे. वाय-फाय सभेतल्या भिडस्त माणसासारखं: आधी कान देणार, कुणी बोलत असेल तर थांबणार, शांतता झाली की आपलं म्हणणं मांडणार. हा फोन कुणाचंच ऐकत नाही, आपली वेळ आली की बोलतो. वीतभर अंतरावर तो बोलत असेल तर राउटर एकतर थांबून राहतो, नाहीतर लांबच्या खोलीतून आलेला लॅपटॉपचा क्षीण आवाज त्याला ऐकूच येत नाही. पॅकेट हरवतं, पुन्हा पाठवावं लागतं, तेही हरवलं तर वेग उतरवून पाठवावं लागतं. ब्राउझिंग करणाऱ्याला हे जाणवत नाही, कारण पान अर्ध्या सेकंदाने उशिरा उघडलं तरी कुणी मोजत नाही. मीटिंगमधल्या आवाजाला मात्र उशिरा आलेलं पॅकेट निरुपयोगी.

सुनेच्या तक्रारीतल्या दुसऱ्या अर्ध्याचा उलगडा इथे होतो. बेस राउटरला खेटून होता, म्हणून बहिरा व्हायचा तो राउटर. लॅपटॉप दूर होता, त्याच्या कानाशी गोंगाट कमी. म्हणून तिला लोक ऐकू यायचे आणि तिचा आवाज लोकांना जायचा नाही. गोंगाट लॅपटॉपजवळ असता तर उलटं झालं असतं.

काय केलं

सगळ्यात आधी धाकटा म्हणाला, "मग फोन फेकूनच देऊ." काकूंचं उत्तर तयार होतं: "लँडलाइन काढायचा नाही हं. नातेवाइकांकडे तोच नंबर आहे. आणि मोबाइल पर्समधून सापडेपर्यंत बंद पडतो." मला त्यांचं पटलं. वायरवाला फोन हा सर्वांत शुद्ध उपाय होता, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला रिंग वाजली की हॉलपर्यंत पळवणं हा काही उपाय नव्हे.

पहिलं काम बेसचं. तो परत काका-काकूंच्या खोलीत न्यायचा होता, आणि त्यासाठी नवी वायर ओढायची गरज नव्हती, कारण घरातली जुनी टेलिफोनची जोडी भिंतीत शाबूत होती आणि तिचं एक सॉकेट हॉलमध्येही होतं. डब्याच्या फोन पोर्टमधून साधी टेलिफोनची (आरजे-११) वायर हॉलच्या सॉकेटला दिली की तोच सूर आतल्या सॉकेटला मिळतो. मात्र त्याआधी बाहेरून येणारी तांब्याची जोडी घरातल्या जोडीपासून तोडलीच पाहिजे. ती जोडलेली राहिली तर डब्याचा फोन पोर्ट आणि बाहेरची लाइन समोरासमोर येतात, फोन चालत नाही आणि पोर्ट खराब होण्याची भीती असते. काकांकडे टेस्टर होता, चष्मा होता आणि उत्साह तर होताच. दाराबाहेरच्या टेलिफोनच्या डब्यातली जोडी त्यांनीच सोडवली आणि टोकं टेपने गुंडाळली.

अंतराने किती फरक पडतो ते धाकट्याला आकड्यांत हवं होतं. मोकळ्या हवेत अंतर दुप्पट झालं की पोचणारी शक्ती चौथ्या हिश्शावर येते. फुटावरचा बेस वीस फुटांवर गेला की चारशेव्या हिश्शावर. मधल्या विटांच्या भिंतीची घट आणखी वेगळी. चारशेपट गोंगाट कमी करणारं यंत्र बाजारात विकत मिळत नाही.

बेस हलवल्यावर पिंग जवळजवळ सुधारलं. जवळजवळ म्हणायचं कारण काकू. फोनवर बोलता बोलता त्या घरभर फिरतात, आणि फिरत फिरत सुनेच्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या तसे आकडे पुन्हा चढले. आणि या खेपेला अपेक्षेप्रमाणे दिशा उलटी होती: सुनेचा आवाज नीट जात होता, तिला समोरच्यांचा तुटक येत होता. हँडसेटही प्रसारक आहे हे लोक विसरतात. बेस कितीही लांब ठेवा, त्याचं दुसरं टोक घरातल्या माणसाच्या हातात फिरत असतं. म्हणून 'कॉर्डलेसचा बेस राउटरपासून दूर ठेवा' हा सगळीकडे मिळणारा सल्ला अर्धाच आहे.

उरलेला अर्धा म्हणजे लॅपटॉपला त्या पट्ट्यातूनच बाहेर काढणं. डबा दोन्ही पट्ट्यांचा होता, ५ गिगाहर्ट्झही चालू होतं, पण दोन्हींना एकच नाव दिलेलं. एकच नाव असलं की कुठे जोडायचं ते लॅपटॉप स्वतः ठरवतो, आणि भिंतीपलीकडे २.४ चा जोर जास्त दिसतो म्हणून तो तिकडे जातो. आम्ही ५ गिगाहर्ट्झला वेगळं नाव दिलं, सुनेच्या लॅपटॉपला ते जोडलं आणि जुनं नाव त्याच्या यादीतून पुसलं. पुसणं महत्त्वाचं, नाहीतर सिग्नल जरा खाली आला की तो गुपचूप जुन्या घरी परततो. काकू दारातच काय, टेबलाशेजारी उभ्या राहून बोलल्या तरी पिंग ढिम्म.

५ गिगाहर्ट्झ भिंतींना जास्त दबतं. हॉल आणि सुनेची खोली यांत एकच भिंत, म्हणून इथे निभावलं. दोन-तीन भिंती असत्या तर मी सरळ लॅनची कॅट-६ केबल टाकायला सांगितलं असतं, मेश नाही. मेशचे डबे एकमेकांशी पुन्हा हवेतूनच बोलतात. त्यातला एखादा २.४ वर बोलत असता तर या घरात मूळ दुखणं आहे तिथेच राहून बिल तेवढं वाढलं असतं.

प्रिंटर आणि टीव्हीची स्टिक जुनी, दोन्ही फक्त २.४ चीच. त्यामुळे तो पट्टा बंद करता आला नाही. त्यात मात्र एक सेटिंग बदललं: चॅनलची रुंदी ४० वरून २० मेगाहर्ट्झ. ८३.५ च्या पट्ट्यात ४० मेगाहर्ट्झ अडवून बसणं म्हणजे स्वतःच्याच पायावर धोंडा. शेजाऱ्यांची गर्दी, मायक्रोवेव्ह, कॉर्डलेस, सगळंच जास्त लागतं.

नवा फोन घ्यायचाच असेल तर

हा फोन कधीतरी जाणारच, म्हणून काकांनी आधीच विचारून घेतलं. माझं उत्तर: डेक्ट (कॉर्डलेस फोनांचं एक वेगळं तंत्र) घ्या, पण खोक्यावरचा पट्टा वाचून. डेक्ट १८८० ते १९०० मेगाहर्ट्झमध्ये चालतं, वाय-फायच्या कुठल्याही पट्ट्याशी त्याचा संबंध येत नाही. नुसतं 'डिजिटल' लिहिलंय म्हणून फसू नये. २.४ गिगाहर्ट्झचे डिजिटल फोन आपल्याकडच्या दुकानांतही भरपूर विकले गेले आहेत.

आणि थोरल्याला सांगा, म्हटलं, की या वेळी अमेरिकेहून आणू नको. तिथलं 'डेक्ट ६.०' म्हणजे ६ गिगाहर्ट्झ नव्हे, ते १९२० ते १९३० मेगाहर्ट्झमध्ये चालतं. वाय-फायला त्याचा त्रास नाही, पण भारतात तो पट्टा मोबाइल कंपन्यांचा आहे, तिथे आपण प्रसारण करणं बेकायदा. तिथले जुने ९०० मेगाहर्ट्झचे फोनही इथल्या मोबाइलच्या पट्ट्यावर चढतात. ५.८ गिगाहर्ट्झचे फोन वरून निर्धोक वाटतात, पण त्यांतले बरेच एका दिशेला ५.८ आणि दुसऱ्या दिशेला चक्क २.४ वापरतात. नाव एक, काम दुसरं.

काका म्हणाले, बॅटऱ्या चालतायत तोवर हाच राहू दे. ते ठीकच आहे.

काही दिवसांनी सुनेचा निरोप आला की मीटिंगा व्यवस्थित चालल्यात, पण रात्री नऊनंतर टीव्ही मधेच अडकतो, फोन वाजत नसतानासुद्धा. हे दुखणं वेगळं होतं. त्या वेळी अख्खी सोसायटी घरात असते आणि अ‍ॅनालायझरवर १, ६, ११ तिन्ही चॅनलं शेजाऱ्यांनी खच्चून भरलेली दिसतात. टीव्ही डब्यापासून हातभर अंतरावर, आणि टीव्हीला मागे लॅनचं भोक होतं. स्टिक काढून टीव्हीतलंच अ‍ॅप वापरायला आणि मीटरभर केबल लावायला सांगितली. २.४ वर आता प्रिंटर तेवढा उरलाय, आणि त्याला घाई नसते.